जुन्या डेस्कटॉपची रॅम 2 जीबीवरून 8 जीबी करायची आहे. खरेदीपूर्वी काय तपासावे?

ग्रंथसेवक, डिचोली

सर्वांना नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात 2012 साली एका देणगीदारांनी दिलेला, असेंबल केलेला डेस्कटॉप आहे आणि वाचनालयाचे सगळे काम आजही त्याच्यावरच चालते. प्रोसेसर कोअर आय-3 2120, रॅम 2 जीबी आणि विंडोज 7 एवढी त्याची माहिती मला आहे. पुस्तकांची नोंद आणि देवघेव यांसाठी तो पुरेसा होता व आजही पुरतो. अडचण सुरू झाली ती गेल्या वर्षापासून. वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका, हस्तलिखित वार्षिके आणि जत्रेतल्या नाट्यप्रयोगांच्या छापील जाहिराती वाळवीने व पावसाळ्यातल्या दमटपणाने हळूहळू नष्ट होत आहेत, म्हणून आम्ही त्या स्कॅन करून ठेवण्याचे ठरवले. स्कॅनर मिळाला, तरुण मुलेही मदतीला आली. पण संगणक साथ देत नाही. दहा-बारा पाने होईपर्यंत सारे सुरळीत चालते, त्यानंतर हार्ड डिस्कचा लाल दिवा विझतच नाही, माउसचा बाण जागच्या जागी थांबतो आणि कधी कधी पाच-पाच मिनिटे वाट पाहूनही शेवटी बटण दाबून संगणक बंद करावा लागतो. मागच्या महिन्यात एका स्मरणिकेची चाळीस पाने अशीच निम्म्यावर गेली. त्या अंकाची एकच प्रत उरली आहे आणि तिची पाने उलटताना कडा तुटतात, त्यामुळे तेच काम पुन्हा करताना जीव कासावीस होतो.

रॅम वाढवल्यास हा त्रास कमी होईल असे वाटल्याने मी एका विक्रेत्याकडून डीडीआर-3 प्रकारची 4 जीबीची स्टिक कुरियरने मागवली. ती लावल्यावर मॉनिटरवर काहीच येत नाही, आतून बीप मात्र वाजत राहते. ती काढून जुनी स्टिक परत बसवली की संगणक पूर्ववत सुरू होतो. नव्या स्टिकच्या लेबलवर 1333 हा आकडा असून शेजारी बारीक अक्षरात ‘एएमडीसाठी’ असे छापलेले आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की स्टिक चांगली आहे, आपला संगणकच जुना झाला आहे. वाचनालयाच्या वर्गणीतून एकदा पैसे गेले, आता दुसऱ्यांदा चूक करण्याची माझी तयारी नाही. नेमकी कोणती रॅम घ्यावी, किती घ्यावी आणि घेण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. चवथीपूर्वी निदान 20 अंक तरी स्कॅन व्हावेत अशी इच्छा आहे.

कारागीर, फोंडा

नमस्कार. संगणक दुरुस्तीच्या कामात माझी अठरा वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. आपला संगणक जुना आहे म्हणून ती स्टिक चालली नाही हे म्हणणे बरोबर नाही. लेबलवरचे ते बारीक अक्षरच खरे कारण आहे. बाजारात डीडीआर-3 च्या काही स्वस्त स्टिक्स मिळतात, ज्यांवरची प्रत्येक चिप एका वेळी चारच बिट देते. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या काही मदरबोर्डांना ती रचना वाचता येते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला (आपला कोअर आय-3 इंटेलचाच) मेमरी कंट्रोलर मात्र आठ किंवा सोळा बिटी चिप्सच ओळखतो. त्यामुळे खाच जुळते, स्टिक व्यवस्थित बसते, आकडाही तोच असतो आणि तरी पडदा काळा राहतो. ही स्टिक परत करण्याचा आग्रह धरा, कारण आपल्या मशीनमध्ये ती कधीच चालणार नाही. यापुढे खरेदी करताना ‘सर्व इंटेल बोर्डांवर चालणारी’ असे पावतीवर लिहून घ्या आणि न चालल्यास बदलून देण्याची मुदतही लिहून घ्या. सर्व्हरमधून काढलेल्या, रजिस्टर्ड प्रकारच्या जुन्या स्टिक्सही स्वस्तात विकायला येतात. त्याही घेऊ नका, त्या आपल्या बोर्डावर चालत नाहीत.

आपल्या प्रोसेसरला 1066 किंवा 1333 वेगाची डीडीआर-3 लागते. दुकानात आता बहुधा 1600 ची स्टिक मिळेल, तीही चालते. ती आपोआप 1333 च्या वेगाने चालेल एवढेच. लेबलवर 1333 ऐवजी पीसी3-10600 आणि 1600 ऐवजी पीसी3-12800 असे छापलेले असू शकते, त्याने गोंधळून जाऊ नका. साधी डीडीआर-3 दीड व्होल्टवर आणि डीडीआर-3-एल 1.35 व्होल्टवर चालते. ‘एल’ स्टिक दीड व्होल्टही सहन करते, म्हणून आपल्या बोर्डावर ती चालण्यास हरकत नसते. डीडीआर-4 घेण्याचा प्रश्नच येत नाही. तिला 288 पिना असतात, आपल्या स्लॉटला 240. डीडीआर-2 लाही 240 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसत नाही, आणि बसत नसलेली स्टिक जोर लावून बसवू पाहणाऱ्यांनी फोडलेले स्लॉट मी बरेच पाहिले आहेत.

आता आपल्या मूळ अडचणीविषयी. ए-4 आकाराचे एक पान 300 डीपीआयने (इंचाला 300 बिंदू) रंगीत स्कॅन केले, तर त्यात 2480 गुणिले 3508 म्हणजे सुमारे 87 लाख बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात. म्हणजे फाइल साठवताना आकसून दोन-तीन एमबीची होत असली, तरी काम चालू असताना ते एकच पान मेमरीत सुमारे 26 एमबी जागा अडवते. चाळीस पाने एकत्र उघडी ठेवून मग फाइल करणारा प्रोग्राम असेल, तर एक जीबीहून अधिक जागा त्या पानांनाच लागते. 2 जीबीमध्ये विंडोज, अँटिव्हायरस आणि ब्राउझर यांनी आपला वाटा आधीच घेतलेला असतो. जागा संपली की विंडोज मेमरीतला मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. आपला लाल दिवा विझत नाही तो याच ने-आणीमुळे. आपले निदान योग्य आहे, रॅम वाढवलीच पाहिजे. तोपर्यंत नुसता मजकूर असलेली पाने करड्या छटेत स्कॅन करा, प्रत्येक पान मेमरीत एक तृतीयांश जागेत मावेल. आणि दहा पानांनंतर फाइल जतन करून प्रोग्राम बंद करत चला.

पुढचा सल्ला देण्यापूर्वी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. मदरबोर्डचे नाव व चिपसेट (त्यावरची मुख्य नियंत्रक चिप) काय आहे, रॅमचे स्लॉट किती आहेत, आणि विंडोज 32 बिटी आहे की 64 बिटी. पहिल्या दोन गोष्टी सीपीयू-झेड या लहान मोफत प्रोग्राममध्ये दिसतात. तिसरी ‘कॉम्प्युटर’वर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहता येते.

वाचक, वाळपई

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या घरी जवळपास याच काळातला संगणक आहे. त्यात मी रॅम तशीच 4 जीबी ठेवून हार्ड डिस्कच्या जागी 240 जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली, तर सुरू होण्यास चार मिनिटे घेणारा तो संगणक आता अर्ध्या मिनिटात तयार होतो. डीडीआर-3 चे उत्पादन आता मागे पडले आहे, नवी स्टिक म्हणून जुनीच पुसून विकली जाते अशीही भीती असते. एसएसडी मात्र उद्या दुसऱ्या संगणकातही लावता येते. वाचनालयाचा पैसा असल्यामुळे, ज्या वस्तूचा पुढे उपयोग होईल तीच आधी घ्यावी असे मला वाटते.

ग्रंथसेवक, डिचोली

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी वाचनालय उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढून मी कॅबिनेट उघडले. सीपीयू-झेडनुसार चिपसेट एच-61 आहे. रॅमचे स्लॉट दोन असून एकातच 2 जीबीची स्टिक आहे. विंडोज 7 प्रोफेशनल असून ते 32 बिटी आहे.

कॅबिनेटच्या आतले दृश्य पाहून मात्र वाईट वाटले. मागच्या बाजूची एक धातूची पट्टी कोणे एके काळी पडली होती आणि त्या फटीतून कुंभारमाशीने आत येऊन रिकाम्या स्लॉटच्या एका टोकाला मातीचे घर केले आहे. माती वाळून दगडासारखी झाली आहे आणि तिचा काही भाग स्लॉटच्या आत उतरलेला दिसतो. जुन्या स्टिकचे सोनेरी काठही काळपट पडले आहेत. आपण म्हणता तशी नवी स्टिक घेतली, तरी ती या स्लॉटमध्ये चालेल का?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकांच्या नोंदीचा आमचा प्रोग्राम फार जुना, डॉसच्या काळातला आहे. 1996 पासूनच्या सर्व नोंदी त्यातच आहेत, पुस्तकांची नावे रोमन लिपीत भरलेली आहेत. त्याला धक्का लागता कामा नये.

कारागीर, फोंडा

माती काढण्याची घाई करू नका, आणि टाचणी किंवा चिमटा तर मुळीच वापरू नका, कारण स्लॉटच्या आतले धातूचे बारीक संपर्क एकदा वाकले की सरळ होत नाहीत. बाहेरचा गोळा लाकडी काडीने हलकेच फोडा आणि कॅबिनेट आडवे न ठेवता असे कलते धरा की तुकडे स्लॉटमध्ये न पडता बाहेर पडतील. आत उरलेली धूळ मऊ, कोरड्या ब्रशने आणि हवा मारण्याच्या हातपंपाने उडवा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीबरोबर लाळेचे कण जातात. पाण्याचा थेंबही नको. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला ब्रश एकदा फिरवून अर्धा तास उघडे ठेवा. मागची पट्टी नवी बसवून ती फट बंद करायला विसरू नका. ही फट उघडी राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात माशी परत येईल.

स्टिकचे काठ काळे पडणे हे आपल्याकडे नित्याचेच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलसर असते आणि मशीन आठवडाभर बंद राहिले की संपर्काच्या जागी पापुद्रा धरतो. पावसाळ्यात माझ्याकडे ‘संगणक बीप देतो, चालू होत नाही’ म्हणून येणाऱ्या कित्येक मशीनमध्ये रॅम काढून, काठ पुसून परत बसवण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. पांढरे मऊ खोडरबर घ्या, स्टिक कडांना धरा, सोनेरी भागावरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि त्याचे कण स्लॉटपासून दूर झटका. हे सारे करण्यापूर्वी वायर भिंतीतून काढून चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिकला हात लावा. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. बाजूच्या चापा आपोआप मिटून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एका बाजूची चाप मिटली आणि दुसरी अर्धवट राहिली, तर स्टिक बसलेली नाही असेच समजा.

किती घ्यावी याचे उत्तर आता देता येते. एच-61 ला दोन स्लॉटमध्ये मिळून 16 जीबीपर्यंत चालते. आपल्या कामाला 8 पुरेत. सारख्याच दोन 4 जीबीच्या स्टिक्स घेतल्यास रॅमच्या दोन्ही वाहिन्यांतून (चॅनेल) एकाच वेळी माहितीची ने-आण होते. आपली जुनी 2 आणि नवी 4 अशी जोडीही चालेल, पण 8 होणार नाहीत आणि जुन्या स्टिकच्या मर्यादा नवीलाही पाळाव्या लागतील. नव्या बसवल्यावर मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालू करून रात्रभर ठेवा. सकाळी चुकांचा आकडा शून्यच असला पाहिजे. एखादी चूक ‘चालेल’ असे म्हणू नका, कारण सदोष रॅम स्कॅन केलेल्या फाइलमध्ये न कळत बिघाड लिहून ठेवते आणि तो पाच वर्षांनी, मूळ कागद नष्ट झाल्यावर लक्षात येतो.

वाळपईच्या वाचकांचा एसएसडीचा सल्ला चांगला आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. 2 जीबीवर एसएसडी लावली, तर तीच ने-आण अधिक वेगाने होईल, थांबणार नाही. एच-61 चे साटा (डिस्क जोडण्याची जागा) सेकंदाला 3 गिगाबिटचे आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. तरीही हार्ड डिस्कपेक्षा फरक फार मोठा पडतो. जमल्यास दोन्ही करा.

शिक्षिका, म्हापसा

एक महत्त्वाची गोष्ट मध्येच राहून जाऊ नये म्हणून लिहीत आहे. आपले विंडोज 7 32 बिटी असल्यामुळे 8 जीबी रॅम बसवली, तरी त्यातली सुमारे सव्वातीन जीबीच उपयोगात येईल. उरलेली दिसेल, पण वापरता येणार नाही. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात हा अनुभव आम्ही घेतला आहे. नव्या रॅमचे पैसे भरले, स्क्रीनवर आकडा वाढला आणि काम मात्र होते तसेच राहिले, तेव्हा कोणाचीच चूक नव्हती, फक्त हे आधी कोणी विचारले नव्हते.

64 बिटीवर जायचे, तर जुन्यावरूनच बदल करता येत नाही, नव्याने इन्स्टॉल करावे लागते. आणि आपल्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे: डॉसच्या काळातले 16 बिटी प्रोग्राम 64 बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत. डॉसबॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये असे बरेच प्रोग्राम चालवता येतात, पण आपला चालतो की नाही हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय 1996 पासूनच्या नोंदी पणाला लावू नका. मराठी टंकलेखनाच्या श्रीलिपीसारखे, हार्डवेअर कुलूप (डाँगल) लावून चालणारे जुने सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर मिळतो का, हेही आधी पाहा.

शिवाय विंडोज 7 चा सुरक्षा-आधार 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत काही मोजके अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. आपला दुसऱ्या पिढीचा. म्हणून मी असे सुचवते की आहे ती हार्ड डिस्क, तिच्यावरचे विंडोज 7 आणि नोंदींचा प्रोग्राम यांपैकी कशालाही हात लावू नका. नवी एसएसडी घ्या, तिच्यावर 64 बिटी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली टाका आणि स्कॅनिंग व इंटरनेट तिथूनच करा. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते निवडता येते. आधी मिंट पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून पाहा आणि आपला स्कॅनर त्यात ओळखला जातो का ते तपासा. ओळखला गेला नाही, तर एसएसडी घेण्यापूर्वी इथेच विचारा. देवनागरी टंकलेखन मिंटमध्ये उत्तम चालते. डॉसच्या प्रोग्रामच्या फाइल्स डीबीएफ या जुन्या डेटाबेस प्रकारच्या असतील, तर त्या लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये (स्प्रेडशीटमध्ये) थेट उघडतात. नोंदींची एक प्रत त्यात काढून ठेवा, हे काम रॅम येण्याची वाट न पाहता आजच करा.

ग्रंथसेवक, डिचोली

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आधी शिक्षिकाबाईंचे सांगणे ऐकले. नोंदींच्या फाइल्स डीबीएफच निघाल्या; दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, 4,318 नोंदी मोजल्या आणि दोन पेन ड्राइव्हवर प्रती काढून एक वाचनालयाच्या कपाटात व एक अध्यक्षांच्या घरी ठेवली. इतक्या वर्षांत या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नव्हती, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले.

विक्रेत्याने ती स्टिक परत घेतली नाही. दुसऱ्या दुकानातून 4 जीबीच्या दोन स्टिक्स, पावतीवर ‘इंटेल एच-61 वर चालणारी’ असे लिहून घेऊन आणल्या. स्लॉट स्वच्छ करायला पूर्ण दुपार लागली. मातीच्या घरात वाळलेले कोळी भरलेले होते आणि एक बारीक खडा शेवटपर्यंत निघेना. तो हातपंपाने बाहेर पडला तेव्हा मदतीला असलेल्या मुलाने टाळी वाजवली. पहिल्या वेळी दुसऱ्या स्लॉटची एक चाप मिटली नव्हती आणि पुन्हा बीप सुरू झाली. आपण सांगितलेले आठवून स्टिक काढली, दोन्ही अंगठ्यांनी परत बसवली आणि तो ‘टक्’ ऐकू आला. बायोसमध्ये 8192 हा आकडा दिसला. तारीख मात्र 2011 ची दाखवत होती, म्हणून सीआर 2032 ही बटणासारखी बॅटरीही बदलली. मेमटेस्ट संध्याकाळी सहाला लावला. रात्री एकदा वीज गेल्याने पुन्हा लावावा लागला, या वेळी यूपीएसवर. सकाळी चुका शून्य होत्या.

स्कॅनर मिंटमध्ये लगेच ओळखला गेला, त्यामुळे एसएसडी घेतली. आता संगणक सुरू करताना कोणती डिस्क हवी ते निवडतो: देवघेवीच्या वेळी जुनी, स्कॅनिंगच्या वेळी नवी. काल त्याच चाळीस पानांच्या स्मरणिकेचे काम पुन्हा केले. मजकुराची पाने करड्या छटेत आणि मुखपृष्ठ रंगीत, असे एका बैठकीत पूर्ण झाले. मेमरीचा वापर पाहत बसलो होतो, तो 3 जीबीच्या पुढे गेलाच नाही. आतापर्यंत 11 अंक झाले आहेत. चवथीला अजून सव्वा महिना आहे.

जुनी 2 जीबीची स्टिक काठ पुसून, तपासून, कागदात गुंडाळून ठेवली आहे. 1333 वेगाची डीडीआर-3 असून ती इंटेल बोर्डावर व्यवस्थित चालते. कोणा शाळेला किंवा वाचनालयाला हवी असल्यास डिचोलीहून घेऊन जावी. एएमडीची ती स्टिकही पडून आहे. एएमडीचा बोर्ड असलेल्या कोणाच्या मशीनमध्ये ती चालत असेल, तर तीही विनामूल्य द्यायची आहे.

वाचक, वाळपई

एएमडीची स्टिक माझ्या भावाच्या मशीनमध्ये लावून पाहता येईल, त्याचा बोर्ड एएमडीचाच आहे. शनिवारी डिचोलीच्या बाजाराला येणार आहे, तेव्हा वाचनालयात येतो. चालली, तर तिची योग्य किंमत वाचनालयाला देईन, विनामूल्य घेणार नाही.